जिनिंगमधला सुरक्षेचा तास

मी डी.एड. झाले तेव्हा शिक्षक भरती निघणार होती. माझ्या आधीच्या तुकडीलाही तसंच सांगितलं होतं आणि नंतरच्या तुकडीलाही. वाट बघून बघून शेवटी मी बाभुळगावजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ऑफिसला लागले. शेतातून आलेल्या कापसातली सरकी वेगळी काढायची, रुई वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, एवढंच त्या कारखान्याचं काम. माझ्याकडे गेटपास, हजेरी आणि फोन. मी यवतमाळहून रोज एसटीनं जायचे. माझी खोली वजनकाट्याला लागून होती आणि मशीनची शेड तिथून शंभरेक पावलांवर. दोन हंगाम काढले, पण मशीन चालू असताना त्या शेडमध्ये मी एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. कामच पडलं नाही, असं मी तेव्हा म्हणाले असते. खरी गोष्ट अशी की आत आवाज फार असायचा आणि कपड्यांना रुई चिकटायची.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर, दिवाळीच्या आधी, विमा कंपनीचे एक साहेब आले. शांत, चष्मा लावणारा, चहात साखर नको म्हणणारा माणूस. त्यांनी मालकांना विचारलं की दरवर्षी नवे कामगार येतात, त्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण काय देता. मालक म्हणाले, देतो ना. कोण देतं, असं साहेबांनी विचारल्यावर मालकांनी इकडे तिकडे पाहिलं. मी रजिस्टर घेऊन दारातच उभी होते.

"या मॅडम देतात," मालक म्हणाले. "टीचरच हायेत त्या."

मी प्रशिक्षण देते हे मला असं कळलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, तुमचा अभ्यासक्रम लेखी द्या, महिनाभरानं मी एखादा तास बघायला येईन.

तोवर आमच्याकडे प्रशिक्षण होतं, नाही असं नाही. ते आमचे मिस्त्री द्यायचे. मिस्त्री म्हणजे साठीकडे आलेले, गावातल्याच मुसलमान घरातले. त्यांचे वडीलही इंजिनं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. नवा माणूस आला की चाचा त्याला मशीनजवळ उभं करून म्हणायचे, इथं हात घालायचा नाही, तिथं पाय ठेवायचा नाही, समझा ना. तो हो म्हणायचा आणि प्रशिक्षण संपायचं.

मी मात्र डी.एड. होते. मला पाठ टाचण काढता येत होतं. घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, मूल्यमापन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे पाठ मागितला होता आणि मी हरखून गेले. इंटरनेटवरून चित्रं घेतली. चाळीस स्लाइड झाल्या. बाबा तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी तपासायला दिलं, ही चूकच झाली. त्यांनी दोन दिवस लाल पेन घेऊन काम केलं. हेल्मेटचं शिरस्त्राण झालं, 'आग लागली तर' याचं 'अग्निप्रसंग उद्भवल्यास' झालं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'याची नोंद घ्यावी' आलं. मला ते भारदस्त वाटलं.

पहिला तास दिवाळीनंतरच्या सोमवारी झाला. रिकाम्या गोदामात ताडपत्री अंथरली, मामेभावाच्या कोचिंग क्लासमधून प्रोजेक्टर आणला. पन्नासेक माणसं होती. एका बाजूला बायका बसल्या. त्या कापसातला कचरा वेचतात, पानं, काड्या, प्लास्टिकचे धागे. त्यांच्या पुढे त्यांची मुकादम बसली होती. तिला सगळे मावशी म्हणतात. आठ-नऊ हंगाम तिथे काढलेली, उंचीनं लहान, आवाज शेडच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून चाचा.

गोदामाच्या वरच्या पत्र्याला भोकं होती. त्यातून ऊन पडद्यावर पडत होतं आणि चाळीसपैकी अठ्ठावीस स्लाइड कुणालाच दिसल्या नाहीत. जी पहिली नीट दिसली तिच्यात एक गोरा माणूस पिवळी टोपी घालून अंगठा दाखवत हसत होता. हा कोण, असं एका बाईनं विचारलं. मी म्हणाले, हा एक कामगार आहे. ती थोडा वेळ बघत राहिली आणि शेजारणीला हळूच म्हणाली की याले कामच नसन, म्हणून हसून राह्यला. मी 'शिरस्त्राण' हा शब्द उच्चारला तेव्हा मागून कुणीतरी विचारलं की ते कोणत्या मेडिकलमध्ये मिळते.

धुळीसाठी तोंडावर फडकं बांधा, हा भाग आला तेव्हा पुरुषांमध्ये खरी चर्चा झाली. आमच्याकडे खर्रा खातात, सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला, आणि तो दिवसभर गालात असतो. एकजण उठून अगदी गंभीरपणे म्हणाला की फडकं बांधलं तर थुंकायचं कुठून. मी म्हणाले खर्रा खाऊ नका. त्यावर ते सगळे माझ्याकडे दयेनं बघू लागले. तो भाग आजही माझ्या अभ्यासक्रमात अर्धवटच आहे.

शेवटी मूल्यमापन. लिहिता येणाऱ्यांनी लिहायचं, बाकीच्यांचं मी लिहून घेणार. प्रश्न होता, आग लागल्यास सर्वप्रथम काय कराल. पहिल्या माणसानं सांगितलं, मॅडमले सांगू. दुसऱ्यानंही तेच. एका मागून एक, बायकाही आणि पुरुषही, सगळ्यांचं उत्तर एकच, मॅडमले सांगू. चाळीस स्लाइडमधून त्यांनी एवढीच गोष्ट उचलली होती, की या सगळ्याची जबाबदार मी आहे.

सगळे गेल्यावर चाचांनी मला प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला मदत केली. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मॅडम, मशीन चालू असताना तुम्ही अंदर कधी आल्या का?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही म्हणाले.

"मंग उद्या या."

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात चाचांनी मला अडवलं. गळ्यात नाडीला लटकवलेलं ओळखपत्र काढायला लावलं. मग माझ्या ओढणीकडे पाहिलं आणि मावशीला हाक मारली. मावशीनं ओढणी काढून माझ्या कमरेभोवती करकचून गुंडाळली, टोकं आत खोचली, वेणी वर बांधली आणि मला एक फेरा फिरवून बघितलं, लग्नात नवरीला बघतात तसं. माझ्या स्लाइड क्रमांक अकरावर लिहिलं होतं, सैल वस्त्रे परिधान करू नयेत याची नोंद घ्यावी. तो तास मी ओढणी आणि ओळखपत्रासकट घेतला होता. कुणीच काही बोललं नव्हतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा काय कळलं असेल तर हे, की तिथे बोलणं शक्यच नाही. रोलरचा आणि पट्ट्यांचा आवाज छातीत बसतो. मी लिहिलं होतं, मोठ्याने ओरडून सहकाऱ्यांना सावध करावे. चाचा माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी म्हणाले, तेही मला ऐकू आलं नाही. पण ती माणसं सगळा वेळ बोलत होती, हातांनी. गळ्यावरून आडवा हात फिरवला की मोटर बंद कर. एका मुठीवर दुसरी मूठ ठेवली की पट्टा निसटला. दोन बोटं डोळ्यांकडे नेली की तिकडे बघ. कुणी ठरवलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते असंच चालत आलं होतं. नव्या माणसाला ते समजायला पंधरा दिवस लागतात आणि बोटं जायची ती त्याच पंधरा दिवसांत जातात, असं चाचांनी बाहेर आल्यावर सांगितलं.

मी त्या दुपारी मावशीजवळ बसून सगळ्या खुणा वहीत काढून घेतल्या. मालकांचीही एक खूण होती, पोटावरून हात फिरवायचा. सावध व्हा, मालक येत आहेत. मी विचारलं, माझी आहे का. मावशी आधी नाही म्हणाली. मग बाकीच्या बायका हसायला लागल्या तेव्हा तिनं नाकावरचा नसलेला चष्मा बोटानं वर सरकवून दाखवला आणि मान एका बाजूला कलती केली. हुबेहूब मी.

बाबांचं लाल पेन मी त्यांना परत दिलं आणि टाचण नव्यानं लिहिलं. आता सुरुवातीलाच खुणा होत्या. त्या चाचा आणि मावशी करून दाखवणार, नवे लोक त्यांच्यामागून करणार, माझ्याकडे फक्त हजेरी. पदर, ओढणी, गमछा कसा खोचायचा तेही मावशीकडे. राहिली आग. कापसाच्या कारखान्यात आगीला सगळे घाबरतात, म्हणूनच बहुतेक कुणी त्यावर बोलत नाही. मी ठरवलं की भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी शांतपणे बाहेर पडून आवारातल्या कडुलिंबाखाली जमायचं. सराव विम्याच्या साहेबांसमोर घ्यायचा, म्हणजे त्यांचंही काम होईल.

साहेब आले. मालक फोनमध्ये वेळ मोजत उभे राहिले. मी भोंगा वाजवायला सांगितला. दोन मिनिटांच्या आत शेड रिकामी झाली. धक्काबुक्की नाही, गोंधळ नाही. बायका गप्पा मारत आल्या, पुरुष हात पुसत आले आणि सगळे लिंबाखाली गोल करून बसले. साहेबांचा चेहरा उजळला. ते मालकांना म्हणाले की इतक्या शिस्तीत बाहेर पडणारे कामगार मी आजवर कुठे बघितले नाहीत. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच मला डी.एड. केलं होतं.

मलाही एक क्षण तसंच वाटलं. मग मी पाहिलं की त्यांनी डबे उघडले होते.

आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीचा भोंगा तोच होता. दुसरा भोंगाच नव्हता. मी गप्प बसले, हे मी कबूल करते. साहेब खूश होते, मालक खूश होते, आणि भाजीभाकरीचा वास सुटला होता. पण साहेब कौतुकानं मावशीजवळ गेले आणि त्यांनी विचारलं की बाई, भोंगा वाजल्यावर तुम्ही काय समजलात.

"जेवाची सुट्टी झाली समजलो," मावशी म्हणाली. "आज लवकर कायले केली, मॅडमले विचारा. या, बसा, भाकर खा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी भाकर खाल्ली, ठेचाही खाल्ला, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की बाहेर पडायला लोक शिकलेच आहेत, आता फक्त कारण वेगळं शिकवा. मला वाटलं होतं ते लेखी ताशेरे ओढतील. उलट, त्यानंतर मला तो माणूस आवडायला लागला.

वेगळं कारण शिकवणं सोपं नव्हतं. तीनदा भोंगा द्यायचा म्हटलं तर आत दोनदा ऐकू येतो की तीनदा, कुणाला कळत नव्हतं. तेव्हा चाचांनी सुचवलं की आवाज करूच नका, शेडचा मेन स्विच खाली करा. मशीनं एकदम गप्प झाली की बहिऱ्यालाही कळतं, आणि आग लागल्यावर पहिल्यांदा करायचं तेच असतं. मला हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना शिकवून टाकलं, मशीनं बंद पडली की बाहेर.

मी एक विसरले, की आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, जाते. त्या आठवड्यात ती दिवसातून तीन-चारदा गेली. प्रत्येक वेळी पन्नास माणसं शिस्तीत बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहायची आणि मी येऊन घरी पाठवते की काय या आशेनं माझ्या खिडकीकडे बघायची. तिसऱ्या दिवशी मालक माझ्या खोलीत आले. ते रागावले की आवाज कमी करतात. ते हळू म्हणाले, "मॅडम, आग लागली नाही तरी हे दुकान बंद होऊन राह्यलं."

मग गावातल्या जुन्या भंगारातून चाचांनी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणला आणि शेडच्या दाराशी टांगला. शाळेत घंटा म्हणून असतो तसा. आता मशीनं थांबली आणि वर रूळ वाजला तरच बाहेर यायचं. नुसती मशीनं थांबली तर जागेवर उभं राहून खर्रा घोटायचा. हे सगळ्यांना एका झटक्यात समजलं. रूळ पहिल्यांदा मी वाजवला. डी.एड. झाल्यापासून घंटा हातात येण्याची ती माझी पहिली वेळ होती आणि मी जरा जास्तच वेळ वाजवली.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी रूळ खराच वाजला. कापसातून कसला तरी लोखंडी तुकडा मशीनमध्ये गेला, ठिणगी उडाली आणि रुईबरोबर पाइपातून पलीकडच्या खोलीत गेली, जिथे रुईचा ढीग पडतो. मला खोलीत बसल्या बसल्या आधी शांतता ऐकू आली. लाइन गेली असेल म्हणून मी पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. तेवढ्यात रूळ वाजला.

मी हजेरीचं रजिस्टर घेऊन धावले. लोक बाहेर येत होते, या वेळी गप्पा न मारता. एकजण डबा आणायला परत वळला, तर मावशीनं त्याच्या शर्टाला धरून ओढलं. चाचा आणि त्यांनी आग विझवायला शिकवलेले चौघे जण पाण्याचा पाइप घेऊन आत गेले होते. रुईच्या खोलीच्या दारातून पांढरट धूर येत होता. रुईची आग दिसत नाही, ती आतल्या आत धुमसते. म्हणून ढीग फोडून, ओढून, भिजवून काढावा लागतो. मी लिंबाखाली माणसं मोजायला लागले. रजिस्टरमध्ये शेडचे अठ्ठेचाळीस होते, आग विझवणारे पाच वजा करून त्रेचाळीस. मी मोजले. त्रेचाळीस. मला रडू येईल इतकं बरं वाटलं.

मावशी रांगेवरून नजर फिरवत होती. "हा आपला नाही," ती म्हणाली.

रांगेच्या शेवटी एक धोतरवाला म्हातारा शांतपणे उभा होता. नेरकडून कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी. सगळे रांगेत उभे राहिले म्हणून तोही राहिला. वजनाचा नंबर लागून राह्यला असं त्याला वाटलं होतं. म्हणजे आमचा एक माणूस कमी होता.

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मावशी नावं घेत होती, मी रजिस्टरची पानं उलटत होते, शेवटी सापडलं की पहिल्या तासानंतर बहिणीच्या लग्नाला म्हणून सुट्टीवर गेलेला आणि दोन महिन्यांनी त्याच दिवशी परत आलेला एक माणूस नाही. मी शेडकडे निघाले तर मावशीनं माझा दंड धरला. तिनं तो इतका जोरात धरला की नंतर चार दिवस बोटांच्या खुणा होत्या. "तुमी नाही जायचं," ती म्हणाली. "चाचाले सांगतो." आणि ती दारापर्यंत जाऊन आत ओरडली. आतून चाचांचं उत्तर आलं की इथं कोणी नाही, सगळं पाहिलं.

तो सापडला माझ्या खोलीत. वजनकाट्यावरच्या माणसानं येऊन सांगितलं. मी गेले तर तो माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसला होता. मला बघून उठला.

"मॅडम," तो म्हणाला, "आग लागली."

त्यानं फक्त पहिला तास केला होता. त्यात सगळ्यांचं जे उत्तर होतं तेच त्यानं पाळलं होतं. मी समोरच्या दारानं धावत गेले तेव्हा तो बाजूच्या दारानं आत आला होता आणि मॅडम परत येतील म्हणून वाट बघत बसला होता. मला माहीत आहे, एवढंच मी म्हणाले. मग मी त्याच खुर्चीत बसले आणि त्यानं माझ्या माठातलं पाणी मला आणून दिलं.

ढीग अर्धा काळा झाला, अर्धा भिजला. कुणाला इजा झाली नाही. चाचांच्या भुवया जरा जळल्या होत्या आणि पुढचे काही दिवस ते कायम आश्चर्यचकित झाल्यासारखे दिसत. त्यांना ते आवडलं नाही.

त्यानंतर मी टाचणात दोनच बदल केले. जो कुणी महिनाभरानं परत येईल त्याला पुन्हा नवा कामगार समजायचं, आणि कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला, शेतकऱ्याला, चहावाल्यालाही फाटकातच रूळ आणि लिंब दाखवायचा. आता तास दर सोमवारी सकाळी असतो. वीस मिनिटं चालतो. मावशी घेते. चाचा मशीनजवळचा भाग घेतात. मी मागे उभी राहून हजेरी लावते आणि कुणाची ओढणी सुटली असेल तर बघते.

हंगाम संपताना मालकांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं द्यायची ठरवली. छापून आली तेव्हा अर्ध्या प्रमाणपत्रावर मालकांचा हात जोडलेला फोटो होता आणि उरलेल्या अर्ध्यावर कामगाराचं नाव. तरी लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. काहींनी लगेच विचारलं की लॅमिनेशन कुठे होते. चाचांनी आपलं घडी करून खिशात ठेवलं.

मावशीचं वेगळं होतं. त्यावर मी 'प्रशिक्षक' असं घालायला लावलं होतं. तिला वाचता येत नाही. तिनं ते मला दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिनं त्या शब्दावर बोट ठेवायला सांगितलं, मी ठेवलं. मग म्हणाली की बरं आहे, आणि ते पिशवीत, डब्याच्या खाली न ठेवता वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती ते परत घेऊन आली. घरी सुनेनं वाचलं होतं आणि त्यावर तारीख नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. मी तारीख टाकली, खाली सही केली. मावशीनं शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि कामावर गेली.